दोनशे छप्पनच्या खणांतला आवाज

आमच्या ऑफिसच्या बेसिनमध्ये कायम चार-पाच खरकटे मग पडलेले असतात. त्यातल्या एकावर आमच्या साहेबांचा स्वतःचा हसरा फोटो छापलाय. त्या फोटोवर हिरवी बुरशी चढली तरी तो मग कोणी विसळत नाही. साहेब स्वतःही विसळत नाहीत, ते सरळ दुसऱ्याचा मग उचलतात. मला त्या मगाची किळस येते आणि आता फोटोतल्या माणसाचीही येते. कारण सांगते.

साहेबांना आम्ही पाठीमागे 'होऊनजाईल' म्हणतो. काहीही विचारा, त्यांचं उत्तर हेच. सर, बॅटरी तापतेय. होऊन जाईल. सर, बाथरूमचा नळ गळतोय. होऊन जाईल. काजू खात खात माझ्या टेबलाशी येतात, माझ्याच कीबोर्डवर तेलकट बोटं ठेवतात आणि होऊन जाईल म्हणून निघून जातात. मग ते होतं कसं, तर दुसऱ्या कोणाच्या तरी मानेवर बसून.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही बोलक्या पेट्या बनवतो. आजाराने किंवा ऑपरेशनने ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्यावर बटणं. बटण दाबलं की पेटी बोलते. नमस्कार, पाणी हवंय, डॉक्टरांना बोलवा, असली वाक्यं कंपनीने एका बाईंच्या गोड आवाजात आधीच भरलेली असतात. पण पेटीची खरी गंमत वेगळी आहे. आवाज जाण्याआधी माणूस आपली वाक्यं स्वतःच्या आवाजात तिच्यात भरून ठेवू शकतो. मग आवाज गेल्यावरही बटण दाबलं की त्याचाच आवाज येतो.

माझ्या ताईने असंच केलं. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. मी पेटी घेऊन तिच्या घरी गेले. मला वाटलं होतं, ती काहीतरी गंभीर, आठवणीत राहील असं बोलेल. ताई पलंगावर मांडी घालून बसली आणि पहिलं वाक्य भरलं ते, "दार लाव, डास येतात." मग "परत तेच?" मग माझ्यासाठी, "अगं ए शहाणे, इकडे ये." मग तिच्या लेकीसाठी, "उठा ठमाबाई, सूर्य डोक्यावर आला." मग "मी ऐकतेय, बोल." आणि 'नको' या बटणावर, जिथे कंपनीच्या बाई मधाळ आवाजात "नको, धन्यवाद" म्हणतात, तिथे ताईने भरलं, "नको म्हटलं ना! कळत नाही का?" ते भरताना तिला हसू आलं, तर म्हणाली, थांब, हसू पण लागेल की. एका रिकाम्या बटणावर तिने नुसतं हसू भरलं. खो खो, शेवटी ठसका लागेपर्यंत. प्रत्येक बटणाखाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या.

मी म्हटलं, "फोनवर पण करून ठेवूया का?"

"एकदा बोललेलं पुरे," ताई म्हणाली. "घसा दुखतोय."

पेटीतून आवाज बाहेर काढायची सोयही नव्हती. ग्राहकाचा आवाज पेटीबाहेर जाणार नाही, हे साहेबांनी माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. तेवढी एक गोष्ट मात्र त्यांनी अगदी पक्की केली होती.

आता माझं काम. पेटीच्या आत नखाएवढी एक फ्लॅश मेमरीची चिप असते. तिचे दोन भाग. एकात कंपनीच्या बाईंचा आवाज, दुसऱ्यात पेटीच्या मालकाचा. पहिल्या भागात जे चढवायचं ते सगळं बांधून त्याची एक फाइल करायची, तिला इमेज म्हणतात, ती मी बनवते. या चिपवर लिहायचं ते पानापानाने. पान केवढं धरायचं हे आपण ठरवायचं असतं, ते पेज साइज. आमच्याकडे ते होतं दोनशे छप्पन बाइट. इमेज बांधताना मी दोनशे छप्पन सांगायचं आणि पेटीतल्या प्रोग्रॅमनेही दोनशे छप्पनच धरायचं. दोघांचं एकमत असलं की सगळं जागच्या जागी सापडतं. नसलं की कपाटाच्या लहान खणांत नीट लावलेले कपडे कोणी मोठ्या खणांच्या हिशेबाने शोधावेत तसं होतं. हात घालावा तिथे अर्धी बाही लागते आणि शोधणारा म्हणतो, या कपाटात नुसत्या चिंध्या आहेत.

एका सकाळी होऊनजाईल काजूची पुडी घेऊन आले.

"पेटी सुरू व्हायला वेळ लागतो," ते म्हणाले. "हॉस्पिटलवाले बघायला येणारेत. बटण दाबलं की लगेच बोलली पाहिजे."

आमचा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा, त्याला सगळे दाढी म्हणतात, लगेच म्हणाला, "पेज साइज पाचशे बारा केली तर चाळायची पानं निम्मी होतील. पटकन सुरू होईल."

"कर की मग."

"मी प्रोग्रॅममध्ये बदलतो. तू इमेज बांधताना बदल," दाढी मला म्हणाला.

मी बदललं. कंपनीच्या बाईंचा भाग पाचशे बाराने बांधला, टेस्टच्या पेटीवर चढवला. पेटी खरंच झटकन सुरू झाली. हिरवा दिवा लागला. बाई नमस्कार म्हणाल्या. दाढीने सगळी बटणं एकदा दाबली आणि 'पास' लिहून टाकलं.

माझ्या मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. पहिल्या भागाची नवी इमेज मी नव्या मापाने पाठवणार, ठीक. दुसऱ्या भागाचं काय? लोकांच्या घरी पेट्या आहेत, त्यात त्यांचा आवाज दोनशे छप्पनच्या खणांत बसलाय. तो तर आम्ही पाठवत नाही. नवा प्रोग्रॅम तिथे जाऊन पाचशे बाराचे खण शोधणार.

"त्याला भाग उघडता आला नाही तर तो काय करतो?" मी दाढीला विचारलं.

"एरर देत असेल."

"असेल म्हणजे? तूच लिहिलंयस ना?"

"तेवढा तुकडा साहेबांचा आहे. अगदी सुरुवातीचा."

आम्ही तो तुकडा उघडला. वर 'तात्पुरतं' असं लिहिलेलं होतं आणि खाली एकच सूचना होती. भाग उघडता आला नाही, तर तो पूर्ण पुसून नव्याने सुरू कर. कधीतरी पहिल्यावहिल्या डेमोच्या वेळी पेटी अडकली असणार, तेव्हा साहेबांनी ही मखलाशी करून वेळ मारून नेली होती. त्यावर त्यांचंच आणखी एक शहाणपण होतं. मालकाचं वाक्य सापडलं नाही तर त्या बटणावर गुपचूप कंपनीच्या बाईंचं वाक्य वाजवायचं, आणि बाईंचंही नसेल तर 'ही नोंद सापडली नाही' एवढंच. म्हणजे पेटी आतून धुऊन निघाली तरी बाहेरून हिरवा दिवा आणि गोड नमस्कार. टेस्टच्या पेट्यांमध्ये कोणाचाच आवाज भरलेला नव्हता, त्यामुळे तिथे हरवायला काही नव्हतंच. म्हणून सगळं पास.

मला खात्री करायची होती. एक जुनी पेटी घेतली, 'नमस्कार' बटणावर माझ्या आवाजात भरलं, "होऊन जाईल म्हणे, तुझं डोंबल!" नवा प्रोग्रॅम चढवला. हिरवा दिवा लागला. बटण दाबलं. बाई म्हणाल्या, "नमस्कार."

दाढीचा चेहरा पडला. मी पेटी उचलली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे काजू चावता चावता फोन बघत ऐकल्यासारखं केलं.

"एवढंच ना? मग ग्राहकांना पुन्हा रेकॉर्ड करायला सांगू. पाच मिनिटांचं तर काम आहे."

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण चेष्टा करायला डोकं जागेवर लागतं.

"सर, आपली पेटी कोण विकत घेतं?"

"ज्यांना बोलता येत नाही ते."

"मग?"

त्यांचा जबडा हलायचा थांबला. ओठाला चिकटलेला काजूचा चुरा त्यांनी जिभेने आत ओढला. एवढी वर्षं हा माणूस त्या पेट्या विकत होता आणि त्या घेणाऱ्या एकाही माणसाचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"अच्छा, तसं होय," ते म्हणाले. "बरं, मग उपाय?"

उपाय सोपा होता. नव्या प्रोग्रॅमने आधी जुन्या मापाने भाग उघडायचा, आवाज काढून पेटीतच बाजूला ठेवायचा, मग नव्या मापाने भाग तयार करून आवाज परत आत ठेवायचा. आणि ते 'तात्पुरतं' कायमचं काढून टाकायचं. दाढी आणि मी मिळून दोन-तीन दिवसांत लिहिलं असतं.

"लिहा," साहेब म्हणाले. "तोवर अपडेट सोडत नाही. माझा शब्द आहे."

आमच्या पेट्या घरच्या वायफायवर असतात. ऑफिसातून अपडेट सोडला की चार्जिंगला लावलेली पेटी तो आपोआप ओढून घेते. सगळ्या पेट्यांना तो सोडायचं एकच बटण, तेही फक्त साहेबांच्या लॅपटॉपवर. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. ताईला फोन करून पेटीचं वायफाय बंद कर म्हणायचं माझ्या मनात आलंही होतं, पण ऑपरेशन नुकतंच झालेलं, ती कशीबशी सावरत होती, तिला उगाच घोर कशाला, असं म्हणून राहिले.

आम्ही कामाला लागलो. दाढी मान खाली घालून लिहीत होता. त्याच्याबद्दल मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचा तुकडा पहिल्यांदा नीट चालला. जुन्या पेटीत परत तेच वाक्य भरलं, नवा प्रोग्रॅम चढवला, बटण दाबलं आणि पेटीतून माझा आवाज आला, "होऊन जाईल म्हणे, तुझं डोंबल!" दाढी आणि मी लहान मुलांसारखे हसलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाचीचा होता.

"मावशी, आईच्या पेटीत कुणीतरी दुसरीच बाई बोलतेय."

"काय?"

"मी दुपारची झोपले होते, आईने मला उठवायचं बटण दाबलं ना, तर ती बाई म्हणते, ही नोंद सापडली नाही. आई सारखी दाबतेय. तू येतेस का?"

मी साहेबांच्या खोलीकडे बघितलं. काचेपलीकडे ते हॉस्पिटलवाल्यांना पेटी दाखवत होते. बटण दाबत होते, पेटी लगेच बोलत होती, समोरची माणसं माना डोलवत होती. मी दार ढकललं.

"अपडेट सोडलात?"

"अगं, बाहेर बस जरा."

"सोडलात का?"

"यांच्या वॉर्डात ट्रायलला ठेवलेल्या पेट्यांना हवा होता ना," साहेब पाहुण्यांकडे बघून हसत म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "बहुतेक लोक स्वतःचं काही भरतच नाहीत. उगाच बाऊ करू नकोस. होऊन जाईल."

मी दाढीला तिथूनच ओरडून सांगितलं, अपडेट मागे घे. साहेब "अरे, अरे" करत राहिले आणि दाढीने पहिल्यांदाच त्यांना न विचारता त्यांच्या लॅपटॉपला हात लावला. अपडेट थांबला. मग त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि एकेका घरी सांगायला सुरुवात केली, पेटीचं वायफाय बंद करा, आत्ताच्या आत्ता. काही पेट्या वाचल्या. काहींनी तो ओढून घेतलेला होता. मी टॅक्सी पकडली.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. गळ्याला पट्टी, समोर पेटी. तिने माझ्याकडे बघितलं आणि एकेक बटण दाबून दाखवायला लागली. चिठ्ठ्या तशाच होत्या, तिच्या ठसठशीत अक्षरात. 'डास' दाबलं. ही नोंद सापडली नाही. 'शहाणे' दाबलं. ही नोंद सापडली नाही. 'ऐकतेय' दाबलं. तेच. मग 'हसू' लिहिलेल्या बटणावर तिने बोट ठेवलं आणि दाबायच्या आधी जरा थांबली. तिला कळलेलं होतं. तरी तिने दाबलं.

"ही नोंद सापडली नाही," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

भाची माझ्या कमरेला बिलगली. "सापडेल ना गं मावशी? तूच बनवतेस ना पेटी?"

मी पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि चिप अगदी पहिल्या पानापासून वाचली. चिपचा पुसलेला भाग ओळखायला सोपा असतो. तिथे सगळीकडे एकच अक्षर दिसतं, एफ. मी खाली सरकत गेले. एफ एफ एफ एफ. मध्ये कुठेतरी एखादा तुकडा राहिला असेल, "डास" एवढा जरी, ठसक्याचा शेवट जरी, म्हणून शेवटच्या पानापर्यंत गेले. साहेबांनी आयुष्यात एकच काम इतकं चोख करून ठेवलं होतं. ताई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण लावलं आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली, म्हणजे पुरे आता. मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. ती रडली असेल तर तिचा आवाज येणारच नव्हता, आणि मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

तिचा आवाज आता भाचीच्या बारशाच्या व्हिडिओत आहे. एकच वाक्य, तेही पाहुण्यांच्या गोंगाटात. खुर्च्या कमी पडल्यात, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी आधीच मसुदा तयार ठेवला होता. अपडेटमध्ये काय बदल झाला हे ग्राहकांना कळवायचं असतं, ते त्यांनी लिहिलं होतं, "आवाजाच्या दर्जात लक्षणीय सुधारणा." मी वाचलं आणि खरोखर बाथरूममध्ये जाऊन ओकले. बेसिनमध्ये तो मग होताच, बुरशीतून हसणारा. परत येऊन सांगितलं की ज्यांच्या पेटीतला आवाज गेलाय त्यांना खरं काय झालं ते तुम्ही स्वतः सांगणार नसाल तर मी सांगेन. आणि तुमच्या तोंडावर राजीनामा फेकायला मला आवडेल, पण वाचलेल्या पेट्या आधी नीट नव्या मापावर नेईन आणि मगच फेकेन.

"तू फार मनाला लावून घेतेस," ते म्हणाले. "मी जातो ना ताईंकडे. मी बोलतो त्यांच्याशी. होऊन जाईल."

आणि खरंच आले. रविवारी सकाळी, हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेला गुच्छ, बगलेत कोरी पेटी. मी तिथेच होते. बूट न काढता आत आले, ताईच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि बसल्या बसल्या टेबलावरच्या वाटीतले शेंगदाणे तोंडात टाकले. भाची त्यांच्या बुटांकडे बघत राहिली.

"ताई, झालं ते झालं," ते मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागले, जणू ताईचा कानही गेलाय. "पण नव्या पेटीत आवाज बघा किती स्पष्ट आहे. तुमचा आधीचा जरा घोगरा होता ना, आजारामुळे."

मी उठले. ताईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आणि एक छोटीशी विनंती," साहेबांनी फोन काढून तिच्यासमोर धरला. "तुम्ही पेटी वापरताना एक छोटा व्हिडिओ घेतो. लोकांना धीर येतो हो. दाबा ना काहीतरी. काहीही."

ताईने त्यांच्याकडे नीट बघितलं, डोक्यापासून बुटांपर्यंत. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. ही बाई पूर्वी भाजीवाल्यालाही एका वाक्यात गप्प करायची. तिने गुच्छ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. कोरी पेटी त्यांच्याकडे सरकवली. मग आपली जुनी पेटी जवळ ओढली, 'नको' लिहिलेल्या बटणावर बोट ठेवलं आणि जीव खाऊन दाबलं.

"नको, धन्यवाद," बाई मधाळ आवाजात म्हणाल्या.

ताईचं तोंड उघडं राहिलं. तिने पुन्हा दाबलं. "नको, धन्यवाद." पुन्हा, मुठीने. टेबल हललं, वाटीतले शेंगदाणे उडाले. "नको, धन्यवाद."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी फोन आणखी जवळ धरला.

"अहो ताई, धन्यवाद कसले! आमचं कामच आहे ते."

मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, व्हिडिओ पुसला, फोन त्यांच्या खिशात कोंबला आणि दंडाला धरून त्यांना दाराबाहेर काढलं. गुच्छ मागून भाचीने फेकला. ताई तोवर बटण दाबतच होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ नुसतेच हलत होते. आणि तो माणूस जिना उतरून खालचं दार लावेपर्यंत पेटी त्याचे आभार मानत होती.